बारगिराचा घोडा

भाड्याच्या वस्तूवर जीव लावू नये, असे शहाणी माणसे सांगतात. त्यांचे सांगणे खोटे नसते. फक्त ते कुणाच्या हातून होत नाही, एवढेच. भाड्याच्या घरात सामान उतरते न उतरते तोच गृहिणी देवांसाठी कोनाडा शोधू लागते, आणि कोनाडा नसला तर भिंतीत खिळा ठोकायला सांगते. ठोक्यांचा आवाज ऐकून घरमालक कपाळाला आठ्या घालतो. पण त्या खिळ्यावर देवीची तसबीर एकदा लटकली, की इतका वेळ परके वाटणारे घर हळूच आपल्याकडे तोंड वळवते. पुढे कधीतरी घर सोडताना तोच खिळा उपटायचा, भोक चुन्याने बुजवायचे आणि किल्ली मालकाच्या हाती द्यायची. मधल्या काळात ते घर कुणाचे होते, हा प्रश्न मी एका वकिलाला विचारला आहे आणि गावातल्या एका जुन्या सत्पुरुषाच्या लिखाणातही शोधला आहे. दोघांची उत्तरे पुढे यायचीच आहेत.

माझ्या लहानपणी अंबाजोगाईत सायकली तासावर भाड्याने मिळत. आम्ही पोरे पैसे जमवून तासभरासाठी एक सायकल घ्यायचो, आणि त्या तासातली पहिली दहा मिनिटे तिला नटवण्यात घालवायचो. जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने मागच्या चाकाजवळ असा अडकवायचा, की चाक फिरू लागले म्हणजे आऱ्या त्यावर आपटून फटफटीसारखा आवाज निघावा. मुठीला कुणाच्या तरी बहिणीची रिबीन. मग गल्लीतून अशा डौलात फेरी निघे, की जणू निजामाची स्वारीच! तास भरत आला की दुकानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचे, पोस्टकार्ड खिशात, रिबीन खिशात, आणि सायकल होती तशी मालकाच्या स्वाधीन. तो घंटी वाजवून बघे, ब्रेक दाबून बघे, हवा चाचपे आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवी. थोड्या वेळापूर्वी ती फटफटी होती, हे त्याच्या गावीही नसे.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आमच्या घरी चार वर्षे नांदून गेलेली एक मोटार.

आमचे चिरंजीव पुण्याला संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला. २०२० साली महामारीत कचेऱ्या बंद पडल्या, तेव्हा तो आपला संगणक काखोटीला मारून गावी आला आणि इथूनच काम करू लागला. २०२१ च्या जानेवारीत त्याने मोटार आणली. उंच बांध्याची, करड्या रंगाची, नवीकोरी. अंबाजोगाईतल्या गाड्यांच्या पाट्यांवर ‘एमएच ४४’ असते. हिच्यावर पुण्याचा ‘एमएच १२’. त्यामुळे ती दारात उभी राहिली तरी लांबून पाहणाऱ्याला वाटे, यांच्याकडे पुण्याचे पाहुणे आलेले दिसतात.

आणि खरे पाहता ती पाहुणीच होती. चिरंजीवांनी ती विकत घेतलेली नव्हती. ‘लीज’वर घेतलेली होती. मला हा प्रकार समजायला दोन दिवस लागले. गाड्या पुरवणारी एक कंपनी असते. ती गाडी विकत घेते, विमा आणि कर भरते, आणि चार वर्षांच्या कराराने ती नोकरदाराच्या हाती देते. दरमहा पगारातून हप्ता कापला जातो. चार वर्षे संपली म्हणजे एक तर गाडी ठरलेल्या किमतीला विकत घ्यायची, नाही तर परत करायची. परत करताना ती ‘मूळ स्थितीत’ असली पाहिजे. रोजच्या वापराने जी झीज होते तेवढी मात्र माफ. नोंदणीच्या पुस्तकात मालक म्हणून त्या कंपनीचे नाव. आमचे नाव कुठेच नाही. पेट्रोल आमचे, धूळ आमची, खड्डे आमच्या जिल्ह्याचे. गाडी मात्र दुसऱ्याची.

माझी आई तेव्हा पंचाऐंशी ओलांडून गेली होती. आरतीचे तबक हातात घेऊन ती ओसरीवर उभी, आणि मी तिला हा सगळा व्यवहार समजावून सांगतो आहे.

“म्हणजे गाडी आपली नाही?”

“आपली नाही गं, पण आपल्यापाशी आहे.”

“किती दिवस?”

“चार वर्षं.”

आईने क्षणभर विचार केला. “पाहुणा चार दिवसांसाठी आला तरी त्याच्या पायावर पाणी घालतोच की आपण,” असे म्हणून तिने चारी चाकांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. आरशाजवळ योगेश्वरीची छोटी तसबीर चिकटवायला लावली. गाडीत झालेला हा पहिला फेरफार. करारात त्याचा उल्लेख नव्हता.

त्या रात्री माझ्या मनात मात्र एक जुना शब्द घोळत राहिला. शिवकालात घोडदळाचे दोन प्रकार होते, हे आपण शाळेत शिकलेले असतो. शिलेदार तो, ज्याचा घोडा आणि हत्यारे स्वतःची. बारगीर तो, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. दाणावैरण सरकारची, नाल सरकारचे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. बखरीतल्या हिशेबात बारगीर हा पगारी स्वार. पण ज्या जनावराच्या पाठीवर बसून माणूस मरणाच्या तोंडात शिरतो, त्याला तो फक्त सरकारी माल समजत असेल का? माझी खात्री आहे, की एखाद्या बारगिराने आपल्या बायकोच्या लुगड्याचा काठ फाडून त्या सरकारी घोड्याच्या आयाळीत नक्कीच गुंफला असेल.

आमच्या गावाला तर हे घोडे चांगले ओळखीचे. निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते, आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. त्या घोडदळातही तीच रीत चाले. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला आलेला तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर. घोड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांना डाग देण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी. अल्लाउद्दीन खिलजीने ती घातली, अकबराने पुन्हा उचलली. चांगला घोडा दाखवून पगार घ्यायचा आणि लढाईला मरतुकडे तट्टू न्यायचे, ही लबाडी त्यामुळे बंद झाली. आज मोटारीच्या सांगाड्यावर सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक कोरलेला असतो, तो त्या डागाचाच वंशज. सकाळी मी आईला म्हणालो, “आई, आपला लेक शिलेदार नव्हे, बारगीर आहे.” ती म्हणाली, “असू दे. पडला नाही म्हणजे मिळवली.”

पडली ती स्वतःच. त्याच वर्षी पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. गावात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे हाडाच्या उपचाराला लांब जावे लागत नाही. शस्त्रक्रिया झाली, तीन महिन्यांनी ती काठी टेकत चालू लागली. पण गाडीत बसायचे म्हटले की पंचाईत. गाडीचा तळ तिच्या गुडघ्याच्याही वर. मी एका बाजूने आणि नातवाने दुसऱ्या बाजूने उचलून बसवले, तर ती संतापे. “मी काय ज्वारीचं पोतं आहे का?” म्हणे. दोनदा असे झाल्यावर तिने घराबाहेर पडणेच सोडले. खिडकीशी बसून दारातल्या गाडीकडे बघत राही. चालता येणाऱ्या माणसाने केवळ एका पायरीच्या उंचीपायी घरात अडकून पडावे, हे आम्हां कुणालाच बघवेना.

तेव्हा गाडीला पायदान बसवायचे ठरले. ठरवणे सोपे होते. गाडी दुसऱ्याची होती ना! चिरंजीवांनी कराराचा कागद काढला. मालकाच्या लेखी परवानगीवाचून कोणताही बदल करू नये, असे त्यात स्वच्छ लिहिलेले. शिवाय देशाचा कायदाही आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नेमके याच विषयावर आहे. उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलांशी न जुळणारा फेरफार गाडीच्या रचनेत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितले आहे. आता म्हाताऱ्या आजीचे पायदान आणि गाडीचा सांगाडाच बदलणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कुणालाही कळते. तरीही नातवाने मालक कंपनीला रीतसर पत्र धाडले. आठवड्याने उत्तर आले : काढून घेता येईल असे काहीही बसवा, भोक पाडू नका, झाळू नका, तार कापू नका, आणि परत करताना गाडी मूळ स्थितीत द्या.

गाडी घेऊन आम्ही आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याला पत्राची हकिगत सांगितली. तो काही न बोलता पाठीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. खालूनच आवाज आला, “सर, कशाला घाबरायलात? भोकं कंपनीनंच ठेवलीत. रबराची बुचं मारून बंद केलीत, एवढंच.” पायदानासाठी लागणारी भोके कारखान्यातून निघतानाच सांगाड्यात ठेवलेली होती. म्हणजे आमच्या आईची गरज त्या गाडीच्या जन्मापासून कुणीतरी गृहीत धरली होती; आम्हांलाच ते ठाऊक नव्हते. त्याने चार बुचे काढून एका पत्र्याच्या डबीत टाकली, डबीवर खडूने गाडीचा नंबर लिहिला आणि ती फळीवर ठेवून दिली.

लोखंडी पायदान बसले, पण तेही आईला जरा उंचच पडे. जमीन आणि पायदान यांच्यामध्ये आणखी एक पायरी हवी होती. आमचे जुने माळवदाचे घर पाडले, तेव्हाची एक सागवानी तुळई परसात पडून होती. सुताराने तिचा तुकडा कापून हातभर लांबीची, बुटक्या पायांची पायरी करून दिली. ती डिकीत राही. गाडी थांबली की आधी पायरी उतरे, मग आई. हाताला आधार म्हणून पुढच्या बैठकीच्या उशाला नवारीचा पट्टा बांधला आणि त्याला धरायला दोन फास ठेवले. बैठकीचे कातडे उन्हात तापे, म्हणून सौभाग्यवतीने सासूबाईंच्याच जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवून त्यावर अंथरली. बाहेरून गाडी होती तशीच दिसे. मागचे डावे दार उघडले म्हणजे मात्र आत आमची ओसरी दिसे.

उन्हाळ्यात एका शेजाऱ्याने सुचवले, काचांना काळी फिल्म लावा. चिरंजीव नको म्हणाले. काचांवर अशी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मनाई केली आहे. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियमच आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “कोर्टाचा मान राखायला हवा. ऊन काही तिथं हजर राहणार नाही.” आणि तिने डोक्यावर पदर ओढून घेतला.

पुढची दोन वर्षे तिची होती. डोळे दाखवायला लातूर, आणि त्याच फेरीत बहिणीची भेट. मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारा डोंगरातला रस्ता. पाऊस भरपूर झाला त्या वर्षी धनेगावला मांजरा धरणाचे पाणी. मार्गशीर्षातली योगेश्वरीची यात्रा तर घराजवळचीच, पण तिथेही तिला गाडीतूनच जायचे असे. आणि परळी. अंबाजोगाईहून परळी २५ किलोमीटर. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते आणि मुहूर्त टळल्यामुळे ते राहून गेले, अशी आमच्याकडची कथा. परळीला निघाले की आई हमखास म्हणे, “देवीचं जाणं राहिलं ते राहिलंच. आपण तरी वेळेवर निघू या.” आणि आमची उशिरा निघायची सवय या एका वाक्याने सुधारे.

गाडीत शिरायची तिची एक पद्धत ठरून गेली होती. आधी डावा पाय पायरीवर. मग काठीचे लोखंडी टोक दाराच्या खालच्या पट्टीवर टेकवायचे, पट्ट्याच्या फासात हात घालायचा, “योगेश्वरी” म्हणायचे आणि वर. त्या पट्टीला ती ‘उंबरा’ म्हणे. “उंबऱ्यावर पाय देऊ नको रे,” असे नातवाच्या मित्रांना बजावी. तिची काठी मात्र त्याच उंबऱ्यावर टेके. काठीला तेवढी मुभा होती.

२०२३ च्या कार्तिकात आई गेली. झोपेतच गेली. कुणाला हाक मारली नाही, कुणाचा हात धरला नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि गाडी पुन्हा दारात उभी राहिली. डाव्या बाजूला वाकळ तशीच, पट्टा तसाच, डिकीत पायरी तशीच. आता त्यांचे काही काम नव्हते. पण काढायचे कुणी, हा प्रश्न घरात कुणी काढलाच नाही. मंडईतून येताना भाजीच्या पिशव्याही पुढे मांडीवर घेतल्या जात. मागच्या डाव्या बाजूला कुणी काही ठेवत नसे.

असे वर्ष गेले. २०२४ च्या डिसेंबरात मालक कंपनीचे पत्र आले : मुदत संपत आहे, गाडी विकत घेणार, की परत करणार? चिरंजीवांना आता पुण्याच्या कचेरीत हजर व्हायचे होते, आणि तिथल्या बिऱ्हाडाला एवढी मोठी गाडी उभी करायला जागा नव्हती. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. तरीही दोन रात्री मी ठरलेल्या किमतीचा आकडा कागदावर मांडून बसलो होतो. ठेवी मोडल्या असत्या तर जमले असते. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतीने तो कागद पाहिला. म्हणाली, “सासूबाई काही त्या गाडीत राहत नव्हत्या. या घरात राहत होत्या.” मी कागद घडी करून खिशात ठेवला. ती बरोबर होती, आणि ते तिने फार हळू आवाजात सांगितले होते.

त्या दिवसांत मी माझ्या वकील मित्राला तो प्रश्न विचारला : मधली चार वर्षे ही वस्तू कुणाची? तो म्हणाला, आपला १८७२ चा करार कायदा या बाबतीत मोठा मजेदार आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेल, तर सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची, असे कलम १५१ सांगते. म्हणजे कायदा मालकी मागत नाही, माया मात्र मालकाइतकी मागतो! आणि कलम १६३ च्या खाली एक उदाहरण दिलेले आहे. एकाने आपली गाय दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवली. तिथे ती व्याली. तर परत देताना गाईबरोबर वासरूही मूळ मालकाला द्यावे लागते. मी विचारले, “मग आमची पायरी हे वासरू म्हणायचे का?” मित्र हसला. “नाही. ती गाईच्या पोटची नव्हे. तुम्ही बाहेरून आणलेली. गाईच्या गळ्यात तुम्ही घंटा बांधली होती. ती सोडून घ्या आणि गाय देऊन टाका.”

एका रविवारी सकाळी आम्ही ती घंटा सोडायला बसलो. वाकळ काढली, उन्हात टाकली. नवारीच्या पट्ट्याची गाठ घामाने आणि ओढीने इतकी घट्ट झाली होती, की सुईने सैल करावी लागली. चिरंजीव म्हणाले, कापून टाकू. मी म्हणालो, थांब. अर्ध्या तासाने सुटली. आरशाजवळची योगेश्वरीची तसबीर कोमट पाण्याच्या फडक्याने अलगद सोडवली. मग गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने पायदान उतरवले, फळीवरून ती पत्र्याची डबी काढली आणि चारही बुचे आपल्या जागी दाबून बसवली. तीन वर्षे त्याने ती जपून ठेवली होती. मी आश्चर्य केले तर म्हणाला, “परत द्यायची गाडी आहे, हे तुम्हीच सांगितलं होतं की, सर.”

गाडी न्यायला कंपनीचा एक तरुण आला. हातात फोन, त्यात लांबलचक यादी. चाके, काचा, दिवे, बैठका. एकेक बाब पाहायची, फोटो काढायचा, खूण करायची. लहानपणचा तो सायकलवाला मला आठवला. मुलगा चोख होता. खाली वाकून बुचेसुद्धा पाहिली. शेवटी मागचे डावे दार उघडून तो थबकला आणि खालच्या पट्टीवरून बोट फिरवले. तिथे पाऊण इंचाच्या जागेत ओरखड्यांची दाटी झाली होती, एकावर एक.

“हे काय आहे?”

“आजीची काठी,” चिरंजीव म्हणाले.

त्याने आम्हां दोघांकडे पाहिले, काही विचारले नाही, फोटो काढला आणि फोनमध्ये काहीतरी लिहिले. संध्याकाळी अहवालाची प्रत आली. अहवाल इंग्रजीत होता; त्या ओळीचा मराठीत अर्थ असा : ‘मागचे डावे दार, खालची पट्टी : किरकोळ ओरखडे. नेहमीच्या वापरातील झीज. आकारणी नाही.’

ती ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. आईच्या मागे कागदपत्रे पुष्कळ निघाली : मृत्यूचा दाखला, बँकेचे पुस्तक, रेशनकार्ड. त्यांत तिचे नाव होते, वय होते. ती कुठे नव्हती. या कागदावर तिचे नाव नव्हते, पण तिच्या काठीचा ठोका होता. आम्ही गाडी इतकी जपून मूळ स्थितीत आणली, की आमची म्हणून एकही खूण तिच्यात उरू दिली नाही. आणि जी उरली तिला त्या परक्या मुलाने ‘नेहमीचा वापर’ म्हणून माफी दिली. याहून रास्त निवाडा मला तरी सुचला नसता. गाडीला आम्ही जे जोडले होते ते आमच्याबरोबर परत आले. गाडीतून जे झिजले होते ते गाडीबरोबर गेले.

आमच्या गावात दासोपंत होऊन गेले. १६१५ साली त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांनी एका पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या जाड कापडावर, ‘पंचीकरण’ लिहून काढले, आणि ती पासोडी गावाने आजही जपली आहे. कुणाला थंडीत अंगावर घ्यायला विणलेले ते कापड. त्याचा ग्रंथ झाला. त्याला मूळ स्थितीत आणा म्हटले, तर आता ते कुणाला साधणार नाही आणि साधू नये. काही फेरफार असे असतात, की पुढे वस्तू तीच त्यांची होऊन जाते. आपले फेरफार एवढ्या तोलाचे नसतात. ते चार बोल्टांवर बसलेले असतात.

पण त्या पासोडीवरचा विषयच मोठा विचार करायला लावणारा आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भुते एकमेकांत मिसळून हे स्थूल जग कसे झाले, ते पंचीकरणात सांगितलेले असते. त्यातला हिशेब मला लहानपणापासून आवडतो. प्रत्येक स्थूल भुतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा. उरलेला अर्धा बाकीच्या चौघांकडून, प्रत्येकाचा आठवा हिस्सा. म्हणजे पृथ्वीसुद्धा सगळी पृथ्वी नाही. निम्मी तिची, निम्मी उसनी. मुदत संपली, की ज्याचा आठवा हिस्सा त्याला परत. जिथे पंचमहाभुतांचीच ही स्थिती, तिथे माझ्या मुलाच्या नोंदणीपुस्तकात मालकाच्या रकान्यात कुणाचे नाव होते, याचे मी किती वाईट वाटून घ्यावे? बारगीर होणे यात कमीपणा नाही. घोडा लढाईत नीट चालवावा, रात्री त्याचा घाम पुसावा, आयाळीत काठ गुंफावा, आणि पागेत परत बांधताना तो काठ सोडून घ्यावा, म्हणजे झाले.

गाडीच्या जागी अंगणात आता रांगोळीला ऐसपैस जागा झाली आहे. वाकळ कपाटात आहे. पहिली थंडी पडली की निघते. नवारीचा पट्टा एका भाचीने तिच्या बाळाच्या पाळण्याला नेला. सागवानी पायरी मात्र ओसरीच्या कोपऱ्यात असते, आणि दिवाळी आली की तिला काम लागते. सूनबाई तिच्यावर उभी राहून आकाशकंदील टांगते. उंची अगदी बेताची पुरते. कंदील हलत नाही ना हे बघून ती उतरते आणि पायरी पुन्हा कोपऱ्यात सरकवते. ती पायरी कुणाला परत द्यायची आहे, असे अजून कुणी पत्र पाठवलेले नाही.